पान पिवळं पडलं, आता काय करायचं?

दुपारची कामं आवरून बसला असाल. कोणी तांदूळ निवडत ऐकत असेल, कोणी काजू सोलत. हात चालू राहू देत, फक्त कान इकडे द्या. मी आपल्या तळकोकणातल्या बचत गटांची समन्वयक. आज हिशोबाच्या वह्या, व्याज, हप्ते हे सगळं बाजूला ठेवून आपण ऑर्किडच्या पिवळ्या पानाबद्दल बोलणार आहोत. बोलता बोलता हप्त्याची गोष्ट मधे येईलच, कारण आमच्या गटात पिवळं पान आणि हप्ता एकाच दिवशी समोर आले होते.

आपल्या भागात आता कितीतरी गटांनी शेडनेटमध्ये ऑर्किड लावलंय. ज्यांच्याकडे नेट नाही, त्यांच्या पडवीत नारळाच्या सोडणात एखादं तरी झाड टांगलेलं असतं. महिन्याच्या बैठकीला कोणी ना कोणी मोबाईलवर फोटो दाखवतं, "ताई, हे बघा, पानं पिवळी पडतायत. काय घालू?" पहिला प्रश्न हाच, काय घालू? म्हणजे काय झालंय ते कळायच्या आधीच आपण काहीतरी घालायला निघालेलो असतो. हे मी दुसऱ्यांना हसायला सांगत नाही. आम्हीही तेच केलं होतं.

आमचा दहा जणींचा गट. बँकेचं कर्ज घेऊन शेडनेट उभारली, डेंड्रोबियम जातीच्या चारशे कुंड्या मांडल्या. बाजारात ज्याला सोनिया म्हणतात ते जांभळं-पांढरं फूल. पहिली दोन वर्षं छान गेली. लग्नसराईत फुलं गेली, गणपतीत मखरासाठी गेली. गोव्याच्या बाजूलाही दांड्या जायला लागल्या. पाणी घालायची पाळी आठवड्याला एकेकीची असायची, पण दोघी-तिघी बाळंतपण, आजारपण यांत अडकल्या आणि पाळी एका वहिनीकडेच राहिली. ती गटात सगळ्यांत नवी. लग्न होऊन गावात आलेली, फारसं न बोलणारी.

तिसऱ्या पावसाळ्यात, श्रावण लागता लागता, खालची पानं पिवळी पडायला लागली. आधी पाच-दहा कुंड्या, मग एक अख्खी रांग. पानं नुसती पिवळी नाहीत, तर मऊ पडलेली, सुरकुतलेली, तहानलेल्या झाडाची असतात तशी. मी गेले, बघितलं आणि म्हटलं, "पाणी कमी पडतंय. मधे दोन दिवस उघडीप होती, तेव्हा घातलं नसेल." वहिनीने पाणी वाढवलं. पानं आणखी पिवळी झाली. खतांच्या दुकानात कोणी सांगितलं, युरिया द्या, पानं हिरवी होतील. आम्ही दिला, तोही अंदाजाने, मुठीने. आठ दिवसांत पानांची टोकं काळी पडली.

त्या महिन्याच्या बैठकीत हप्ता भरायचा होता आणि गणपतीची फुलं येणार नाहीत हे दिसत होतं. मग जे होतं तेच झालं. एक म्हणाली, पाळी नीट झाली नाही. दुसरी म्हणाली, तिचं लक्ष मोबाईलमध्ये. वहिनी उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, मी रोज पाणी घालतंय. माझा काय चुकला ता माका सांगा." कोणी काही सांगितलं नाही. मीही गप्प बसले. दुसऱ्या दिवसापासून ती यायची बंद झाली.

मैत्रिणींनो, ही गोष्ट इथे थांबवते आणि आधी झाडाकडे वळते. कारण झाड कळलं की पुढची गोष्ट आपोआप कळेल.

आपल्या आंब्याफणसावर पावसाच्या तोंडावर लोंबती गुलाबी-पांढरी फुलं येतात, तिला आपण सीतेची वेणी म्हणतो. तेही ऑर्किडच. मराठीत या कुळाला आमरी म्हणतात. काही जणींना वाटतं ते बांडगूळ आहे. तसं नाही. बांडगूळ आंब्याच्या फांदीत मूळ घुसवून त्याचा रस पितं. आमरी फक्त फांदीवर बसते. तिची मुळं सालीला धरून असतात, नाहीतर हवेत लोंबतात. पाऊस पडला की ती भिजतात, वारा आला की सुकतात. पुन्हा भिजतात, पुन्हा सुकतात. कुंडीतलं डेंड्रोबियमही याच स्वभावाचं.

ते मूळ हातात घेऊन बघा. बाहेरून पांढरट, स्पंजासारखं आवरण असतं. सुकं असताना चंदेरी पांढरं दिसतं, पाणी घातलं की हिरवं होतं. हा स्पंज पाणी पटकन शोषून घेतो आणि आतल्या मुळाला देतो. पण त्याला हवाही लागते. तो दिवसरात्र ओलाच राहिला, तर मूळ गुदमरतं आणि कुजतं. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. म्हणजे झाड पाण्यात उभं आणि तरी तहानलेलं! पानं सुरकुततात, पिवळी पडतात. आपण बघतो आणि म्हणतो, पाणी कमी पडलं. अजून घालतो. उरलेली मुळंही कुजतात.

आमचं नेमकं हेच झालं होतं. कळलं ते एका काकींमुळे. त्या गटातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या. बैठकीनंतर चार दिवसांनी त्या शेडमध्ये गेल्या, एक कुंडी उचलून खाली पालथी केली आणि मला बोलावलं. म्हणाल्या, "झाडाक काय झाला ता झाडाक विचारा गो. बायकांका काय विचारतास?" कुंडीतली सोडणं तीन वर्षांत कुजून चिखलासारखी झाली होती. वास येत होता. मुळं तपकिरी, मऊ. चिमटीत धरून ओढलं की वरचं आवरण निघून यायचं आणि आत नुसता दोरा राहायचा. पहिल्या वर्षी सोडणं कडक होती, पाणी खाली निघून जायचं, म्हणून रोजचं पाणी चाललं. तिसऱ्या वर्षी तीच सोडणं पाणी धरून ठेवत होती. वर कोकणातला पाऊस, आणि शेडनेट ऊन अडवते, पाऊस अडवत नाही. वहिनीने काम चुकवलं नव्हतं. आम्ही लिहून दिलेला नियम तिने इमानाने पाळला होता. नियमच जुना झाला होता.

तर आता एकेक कारण बघू. पान पिवळं दिसलं की हातातलं खत खाली ठेवा आणि स्वतःला चार प्रश्न विचारा. कुठलं पान पिवळं आहे, खालचं की वरचं? एक-दोन आहेत की पुष्कळ? पान मऊ आहे की कडक? आणि मूळ कसं आहे?

पहिलं कारण, वय. खालचं एखादं पान हळूहळू पिवळं होतं, सुकतं आणि गळतं. बाकी झाड टवटवीत आहे, नवा कोंब येतोय. मग काही करू नका. आपले केस पांढरे होतात, तसंच ते. डेंड्रोबियमच्या जुन्या कांडीची तर सगळीच पानं गळतात. पण एक लक्षात ठेवा, पानं गेली म्हणून हिरवी कांडी कापू नका. त्या कांडीत पाणी आणि अन्न साठवलेलं असतं, त्यावर नवा कोंब वाढतो. कधी कधी त्या बोडक्या कांडीलाच फूल येतं. कांडी पूर्ण सुकून तपकिरी, पोकळ झाली, तरच काढा.

दुसरं कारण, जास्त पाणी आणि कुजलेलं माध्यम. आपल्याकडे पावसाळ्यात सगळ्यांत जास्त दिसतं ते हेच. खालून पानं पिवळी, मऊ, सुरकुतलेली, आणि कुंडीला वास. उपाय सांगते, नीट ऐका. झाड कुंडीतून काढा. जुनं माध्यम झाडून टाका. वाहत्या पाण्याखाली मुळं धुवा. मऊ, तपकिरी मुळं कापून टाका, कडक आणि पांढरी ठेवा. कात्री किंवा ब्लेड प्रत्येक झाडाला नव्याने आचेवर धरून घ्या, नाहीतर एकाचा रोग दुसऱ्याला जातो. मग झाड सावलीत एक दिवस सुकू द्या. नवीन कुंडीला खाली आणि बाजूला भोकं हवीत. त्यात लाकडी कोळसा, विटांचे तुकडे आणि सोडणाचे मोठे तुकडे भरा. सोडणं कच्ची वापरू नका. आठवडाभर पाण्यात भिजवा, रोज पाणी बदला, म्हणजे त्यातला क्षार आणि लाल रंग निघून जातो. लावल्यावर दोन-तीन दिवस पाणी नको, नुसता हलका फवारा. आणि नव्या मुळांची हिरवी टोकं दिसेपर्यंत खत अजिबात नको. अर्धी मुळं गेलेल्या झाडाला खत देणं म्हणजे तापातून उठलेल्या माणसाला पुरणपोळी वाढणं.

तिसरं कारण, पाणी कमी. हेही होतं, चैत्र-वैशाखात. पण तेव्हा मुळं चांगली असतात, फक्त पांढरी आणि खडखडीत सुकी. पानं आणि कांड्या सुरकुततात. कुंडी उचलून बघितली तर हलकी लागते. इथे पाणी द्यायचं, सकाळी, भरपूर, खालून निथळेपर्यंत. संध्याकाळी उशिरा नको, कारण रात्रभर पानं ओली राहिली की बुरशीला आमंत्रण. उन्हाळ्यात कुंड्यांखालची जमीन भिजवून ठेवली की हवेत ओलावा राहतो, झाडाला बरं वाटतं.

चौथं कारण, ऊन. ज्या बाजूला ऊन येतं, त्या बाजूची वरची पानं फिकट पिवळी होतात. मग पांढरा डाग पडतो आणि तो सुकून तपकिरी-काळा होतो. दुपारी पानाला हात लावून बघा. गरम लागलं तर ऊन जास्त आहे. डेंड्रोबियमला उजेड हवा, पण आपलं मे महिन्यातलं थेट ऊन नको. साधारण 50 टक्के सावलीची नेट चालते. नेट फाटलेली असते आणि आपण पानावर औषध मारत बसतो, असं व्हायला नको. आधी वर बघा. भाजलेला डाग पुन्हा हिरवा होत नाही, पण पसरतही नाही. पसरत असेल तर तो रोग समजा. आणि उलट, पानं गर्द हिरवी, लांब, लोंबती आणि फूल नाही, तर सावली जास्त झाली.

पाचवं कारण, खत. दोन्ही बाजूंनी. खत कमी पडलं तर जुनी पानं सगळीच्या सगळी फिकी होतात, वाढ थांबते. जुन्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला तर मॅग्नेशियम कमी. कोवळी पानं शिरा सोडून पिवळी निघाली तर लोह कमी. आणि खत जास्त झालं तर पानांची टोकं काळी-तपकिरी होतात, कुंडीच्या कडेला पांढरी खारी साचते. आम्ही मुठीने दिलेल्या युरियाने तेच केलं. अशा वेळी साध्या पाण्याने कुंडी चांगली धुऊन काढा, खालून पाणी वाहू द्या, आणि महिनाभर खत बंद. एरवी विद्राव्य 19:19:19 खत 1 लिटर पाण्याला 1 ग्रॅम, वाढीच्या काळात आठवड्यातून एकदा पुरतं. आधी साधं पाणी, मग खत, कधीही सुक्या मुळांवर नाही. थोडं आणि नियमाने. चिमूटभर जास्त म्हणजे दोन फुलं जास्त, असा हिशोब झाडाला कळत नाही.

सहावं कारण, किडी. पान उलटून बघायची सवय लावा. खालच्या बाजूला बारीक ठिपके, चंदेरी छटा, कधी कोळ्याचं बारीक जाळं, तर ती कोळी कीड. पानाच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर पिठ्या ढेकूण. तपकिरी टोपणासारखं चिकटलेलं काही नखाने निघत असेल तर खवले कीड. थोड्या कुंड्या असतील तर ओल्या फडक्याने पुसून काढा. मग कडुनिंबाचं तेल, 1 लिटर कोमट पाण्याला 5 मिली आणि थोडा सौम्य साबण, असं पानाच्या खालून फवारा. ऊन उतरल्यावर, आणि आधी एक-दोन झाडांवर मारून दोन दिवस बघा.

सातवं कारण, रोग. काळा किंवा तपकिरी डाग आणि भोवती पिवळं वलय, तर बुरशी. पाणी भरल्यासारखा मऊ डाग, वास येतो आणि दोन दिवसांत पान विरघळतं, तर तो जीवाणूंचा कुजवा. असं झाड ताबडतोब वेगळं ठेवा. डागाच्या खाली, चांगल्या हिरव्या भागातून पान कापा, कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावा, म्हणजे जखम सुकते. पूड मुळांना लावू नका, ती मुळंही सुकवते. औषध लागलंच तर कृषी सहायकांना किंवा कृषी विज्ञान केंद्रात पान दाखवून विचारा. एक गोष्ट मात्र सांगून ठेवते. आंब्या-सुपारीसाठी घरात आणलेलं तांब्याचं बुरशीनाशक डेंड्रोबियमवर मारू नका. त्याला ते सोसत नाही, कळ्या आणि कोवळी पानं जळतात.

पानावर पिवळ्या-हिरव्या रेघा, चट्टे, नव्या पानावरही तसेच, आणि फुलावर रंग तुटलेला, तर तो विषाणू असू शकतो. त्याला औषध नाही. मन घट्ट करून ते झाड जाळून टाकायचं. तो कात्रीवरून पसरतो, म्हणून पुन्हा सांगते, फुलं तोडताना ब्लेड आचेवर धरा.

आणि ज्यांच्याकडे व्हँडा, मोकारा किंवा पडवीतलं रुंद पानांचं फॅलेनॉप्सिस आहे त्यांच्यासाठी. यांना कांड्या नसतात, एकच शेंडा वर वाढतो. खालचं पान पिवळं, तर चिंता नाही. शेंड्याचं पान पिवळं, तर लगेच बघा. शेंड्यात पाणी साचून तो कुजत असतो. पाणी घातल्यावर मधे थेंब राहिला तर कापसाने टिपून घ्या.

आता राहिलेली गोष्ट. चारशेपैकी सत्तरएक झाडं आम्ही वाचवू शकलो नाही. बाकीची तीन आठवडे रोज दोघी-दोघींनी बसून नव्या कुंड्यांत भरली. पुढचा पावसाळा यायच्या आत वर प्लॅस्टिकचं छप्पर केलं. त्या गणपतीला फुलं नाहीत ती नाहीतच. दोन हप्ते गटाच्या बचतीतून भरले आणि तसं प्रोसिडिंगमध्ये लिहिलं.

त्याच वहीत आणखी एक गोष्ट लिहिली. मी वहिनीच्या घरी गेले. सासूबाईंनी चहा केला. मी त्यांच्या समोरच म्हटलं, "पाणी वाढव म्हणून मी सांगितलं होतं. चूक माझी." एकटीला बाजूला घेऊन सांगितलं असतं तर पुरलं नसतं, कारण दोष सगळ्यांसमोर दिला होता. पुढच्या बैठकीत मी तेच पुन्हा सगळ्यांसमोर बोलले आणि सहीनिशी नोंदवलं. ती लगेच आली नाही. कुंड्या भरायच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी आली, बसली आणि सोडणं फोडायला लागली. आज शेडची वही तिच्याकडे आहे. त्यात ती पाण्याची पाळी लिहीत नाही. मूळ बघून लिहिते, "पांढरं, पाणी दिलं," "हिरवं, दिलं नाही."

मैत्रिणींनो, आपल्यावर लहानपणापासून असंच आलंय. दूध नासलं, कोणी लावलं होतं? पोर आजारी पडलं, आईचं लक्ष कुठे होतं? गटातही आपण तीच रीत घेऊन येतो. कारण शोधायला वेळ लागतो, माणूस शोधायला लागत नाही. म्हणून आमच्या गटाने एक नियम केलाय. नुकसान झालं की आधी कुंडी पालथी करायची, नंतर बोलायचं.

शेवटी एक आठवण. आपल्या राईत सीतेची वेणी फुलते, ती उपटून आणून विकू नका. जंगलातली आमरी फार हळू वाढते, आणि कुंडीत बहुतेक वेळा मरते. नर्सरीतलीच रोपं घ्या.

उद्या सकाळी एवढंच करा. आपल्या एका कुंडीतलं झाड हलक्या हाताने उचला आणि मूळ बघा. काय दिसलं ते पुढच्या बैठकीत सगळ्यांना सांगा. नमस्कार.